पिवळा धोत्रा ओळखा, आणि बोंड उकलण्यापूर्वीं उपटा

पावसाळा सरून रब्बीचीं पिकें वर येऊं लागलीं कीं मळ्यांतील पाटांच्या कांठीं, उकिरड्याच्या कडेस, परसांतल्या वाफ्यांत आणि पडीक बांधांवर एक निळसर-पांढरट झांक असलेलें कांटेरी रोप जमिनीलगत पसरलेलें दिसूं लागतें. पुढें त्यावर पिवळीजर्द फुलें येतात, आणि हें काय म्हणून गांवांत चौकशी करावी तों प्रत्येकजण निराळें उत्तर देतो. कोणी पिवळा धोत्रा म्हणतो, कोणी कांटेधोत्रा, कोणी फिरंगी धोत्रा. आणि पुष्कळजण 'कसलें तरी कांटेरी तण, दुसरें काय?' असें म्हणून वाटेस लागतात. या शेवटल्या उत्तराविषयीं आमची तक्रार आहे. ज्या तणाचें बीं तेलांत गेल्यानें या देशांत माणसें मेलीं आहेत, तें तण जमीन बाळगणाऱ्या शेतकऱ्यास फुलावर येईपर्यंत ओळखूं येऊं नये, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

पहिला घोंटाळा नांवानेंच केला आहे. बोंड कांटेरी असतें एवढ्यावरून लोकांनीं यास धोत्रा म्हटलें. वस्तुतः धोत्र्याशीं याचें कांहींएक नातें नाहीं. धोत्रा वांग्या-मिरचीच्या कुळांतला, आणि हें झाड अफूच्या कुळांतलें. याचें मूळ स्थान अमेरिका खंडांतील मेक्सिकोकडचें. लिनियसनें १७५३ सालीं त्याचें शास्त्रीय नांव 'आर्जिमोनी मेक्सिकाना' असें ठेवलें, त्यांतच त्याचा मुलूख सांगितलेला आहे. आपल्याकडील 'फिरंगी' हें विशेषणही तें परदेशांतून आल्याचीच साक्ष देतें. यास 'स्वर्णक्षीरी' म्हणून जुन्या वैद्यकग्रंथांतल्या वनस्पतीच्या पंक्तीस बसविण्याची चाल आहे, ती मात्र आम्हांस मान्य नाहीं. ते ग्रंथ रचले गेले तेव्हां हें झाड या भूमीवर आलेलेंच नव्हतें. तेव्हां ग्रंथांतली स्वर्णक्षीरी दुसरी कोणती तरी असली पाहिजे. ग्रंथाचा आधार दाखवून याचें बीं किंवा तेल कोणी औषध म्हणून पोटांत घ्यावयास सांगूं लागल्यास आमच्या वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां ओळखीविषयीं. फूल येईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. कार्तिक-मार्गशीर्षांत रोप विताएवढें असतांनाच त्याचीं पानें चक्राकार मांडल्यासारखीं भुईवर पसरतात. पान खोल कातरलेलें, कडांच्या प्रत्येक दांत्याच्या टोंकास पिवळसर कांटा, आणि शिरांच्या बाजूनें पांढरे पट्टे, जणूं शिरांवर चुन्याचें बोट ओढलें आहे. पानास देंठ जवळ जवळ नसतो. पुढें खोड वर आलें म्हणजे पानाचा बुडखा त्यास मिठी मारून बसतो. पण या सर्व खुणांपेक्षां एक खूण निःसंशय आहे. पान किंवा खोड मोडावें आणि क्षणभर पाहावें. मोडलेल्या जागीं पिवळा चीक आला तर पुढें विचार करावयास नको.

ही चिकाची परीक्षा आम्ही मुद्दाम आग्रहानें सांगतों, कारण कांटा आणि पिवळें फूल या दोन गोष्टींवर विसंबणारा हमखास फसतो. करडईसच पाहा. तीही कांटेरी, तीही रब्बींतली, तिचेंही फूल आरंभीं पिवळें. सोलापूर-मराठवाड्याकडे करडईच्या तासांत हें तण कोंवळेपणीं खुरपणाऱ्यांच्या नजरेंतून सुटतें तें यामुळेंच. परंतु करडईचें पान मोडल्यास पिवळा चीक येत नाहीं. पाथरीच्या जातीचें, पानाच्या कडेस बोंचरे दांते असलेलें आणि पिवळ्या फुलाचें एक तण बागायतींत पुष्कळ होतें. त्यास चीक येतो, पण तो दुधासारखा पांढरा. भुईरिंगणीचे कांटे पिवळे आणि पिकलेलीं फळें पिवळीं, पण फूल जांभळें. उंटकटाऱ्याचें फूल म्हणजे पांढुरका-निळसर कांटेरी चेंडू. सराट्याचें फूल खरोखर पिवळें, पण त्याचा वेल भुईसरपट जातो, पान बारीक पाल्याचें असून त्यास कांटा नसतो. कांटा असतो तो फळास, आणि त्याची ओळख अनवाणी चालणाऱ्यास वेगळी करून द्यावयास नको.

फूल आल्यावर मग शंकेस जागाच राहत नाहीं. कळीवर तीन टोंकदार शिंगें असतात. पाकळ्या चार ते सहा, बहुधा सहा, तलम आणि चुरगळलेल्या रेशमासारख्या. मध्यें पुष्कळ पिवळे केसर आणि त्यांच्या मधोमध एक तांबडा ठिपका. फिकट, साईच्या रंगाचीं फुलें येणारी याचीच एक बहीण आहे. तिलाही हीच वागणूक द्यावी. पाकळ्या गळल्यावर दीड-दोन इंच लांबीचें कांटेरी बोंड धरतें. पिकल्यावर तें वरच्या टोंकाशीं चार-सहा फांकांनीं उकलतें, आणि वाऱ्याच्या झुळुकीनें, गुराच्या धक्क्यानें, नाहीं तर उपटणाऱ्याच्या हाताच्या हिसक्यानेंच बीं सांडतें. एका बोंडांत तीनचारशें बिया असूं शकतात. झाडास तीस बोंडें धरलीं तरी हा हिशेब दहा हजारांवर जातो; आणि तें बीं एकाच वर्षीं सगळें उगवून मोकळें होत नाहीं, कित्येक वर्षें मातींत जीव धरून राहतें. म्हणून बोंड उकलल्यावर उपटलेलें झाड हें बहुतांशीं पेरलेलेंच झाड असें आम्ही समजतों.

'गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, पीक कांहीं तें खात नाहीं, मग एवढा गवगवा कशास?' असा प्रश्न आम्हांस विचारला जाईल. उत्तर त्या बियांत आहे. बीं काळें, गोल, मोहरीएवढें; इतकें मोहरीसारखें कीं चाळणीनें वेगळें करूं म्हटल्यास होत नाहीं. त्यांत तेल भरपूर असतें, आणि त्या तेलांत सँग्विनरीन नांवाचें विष असतें. हें तेल मिसळलेलें मोहरीचें तेल कांहीं दिवस पोटांत गेलें म्हणजे प्रथम ओकाऱ्या-जुलाब होतात, मग दोन्ही पायांवर सूज चढते, कातडी तांबूस होऊन दुखते, दम लागतो. कित्येकांच्या डोळ्यांतील दाब वाढून दृष्टि जाते, आणि हृदय थकून माणूस दगावतो. शंभर भागांत एक भाग एवढी भेसळही रोग आणण्यास पुरते. एका कढईंतलें अन्न सारें घर खातें, त्यामुळें एका घरांत एकाच वेळीं चारपांच माणसें सुजलेलीं आढळतात. वैद्यकांत या रोगास साथीची 'ड्रॉप्सी' म्हणतात तें यावरूनच.

या रोगाची पहिली नोंद कलकत्त्यास १८७७ सालीं झाली. पुढें कित्येक वर्षें डॉक्टर मंडळी बिघडलेल्या तांदळास दोष देत राहिली. १९२६ सालीं सरकार या बंगाली डॉक्टरांनीं या बियांच्या तेलाकडे बोट दाखविलें, आणि १९३७ च्या सुमारास लाल व रॉय यांच्या तपासानें तें पक्कें झालें. हें सर्व जुनें झालें असें कोणी म्हणूं नये. १९९८ च्या ऑगस्टांत, कायदे आणि प्रयोगशाळा सर्व असतांना, खुद्द दिल्लींत हीच साथ उसळली; साठांहून अधिक माणसें मेलीं, सुमारें तीन हजार आजारी पडलीं, आणि सरकारास मोहरीच्या तेलाची विक्री बंद करावी लागली.

आपल्याकडे रोजचें तेल शेंगदाण्याचें, करडईचें, तिळाचें, मोहरी फोडणीपुरती. म्हणून हें संकट उत्तर हिंदुस्थानचें, आपलें नव्हे, असें मानण्याकडे कल होतो. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. गव्हांत वा हरभऱ्यांत मोहरीचे चार ओळी घालणारे शेतकरी आपल्याकडेही आहेत. मोहरी काढावयास येते त्या सुमारास लवकर फुललेल्या पिवळ्या धोत्र्याचीं पहिलीं बोंडें पिकूं लागतात. दोन्ही एकाच विळ्याखालीं येतात, एकाच खळ्यांत झोडले जातात आणि एकाच पोत्यांत भरले जातात. भेसळ व्यापारी करतो हें खरें, आणि मुद्दाम करणाऱ्यास कठोर शासन व्हावें यांत दुमत नाहीं. पण ज्याच्या बांधावर हें बीं फुकट पिकतें, आणि तें गोळा करावयास कोणी आला असतां 'ने बाबा, तेवढीच सफाई' असें म्हणून जो मोकळीक देतो, त्यास व्यापाऱ्याच्या नांवानें बोटें मोडण्याचा अधिकार किती, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. या बियांस सचोटीचा असा बाजार नाहीं. विकत मागावयास कोणी आला तर त्याचा हेतु विचारण्याचीही गरज नाहीं. त्यास परत पाठवावें आणि गांवांत चार लोकांच्या कानांवर घालावें.

उपाय खर्चाचा नाहीं, वेळेचा आहे. रोप भुईसरपट असतांना खुरप्याचें टोंक मानेच्या खालीं घालून सोटमुळासकट काढावें. कांटे बोंचतात म्हणून खुरपणाऱ्या बायका तें टाळून पुढें जातात, आणि त्यांस दोष देतां येत नाहीं. हाताशीं गोणपाटाचा तुकडा मालकानें द्यावा. फुलापूर्वीं काढलेलें झाड जागच्या जागीं गाडलें तरी चालेल. बोंड धरल्यावर मात्र तें उकिरड्यांत टाकूं नये, नाहीं तर पुढल्या साली तेंच खतावाटे सबंध शेतांत पोंचतें. बोंडें पोत्यांत भरून एके जागीं वाळवून जाळावीं. गव्हांतल्या रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी हें औषध फवारतात, त्यानें कोंवळीं रोपें मरतात. परंतु हेंच औषध मोहरी, हरभरा, करडई यांस मारक आहे, आणि वाऱ्यानें उडून शेजारच्या कपाशीचें वा द्राक्षाचें नुकसान करतें. तेव्हां मिश्र पिकांत त्याचें नांव काढूं नये.

शेत स्वच्छ आणि बांध पिवळा, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. बांध दोघांचा म्हणून कोणाचाच नाहीं. पाटाचें पाणी तर वरच्या मळ्यांतलें बीं खालच्या मळ्यांत आणून सोडतें. यासाठीं आमची सूचना अशी कीं, मार्गशीर्षांत एक दिवस ठरवून एका पाटावरच्या सर्व खातेदारांनीं मिळून बांध, पाट आणि खळ्याभोंवतालची जागा खुरपून काढावी, आणि दीड महिन्यानें पुन्हां एक फेरी घालावी. एकट्यानें केलेलें काम शेजाऱ्याच्या आळसानें वाया जातें.

घरची मोहरी घाणीवर नेण्यापूर्वीं किंवा बियाणें म्हणून ठेवण्यापूर्वीं मूठभर ताटांत पसरून उजेडांत पाहावी. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो. याचा खरखरीत असून त्यावर जाळीसारखे खळगे असतात. संशय आला तर दाणा नखाखालीं चिरडावा. मोहरी आंत पिवळी निघते, आणि हें बीं पांढरें. तयार तेलाविषयीं शंका असल्यास त्याची परीक्षा नत्राम्लानें होते, भेसळ असली तर तांबूस-नारिंगी रंग येतो. पण तें अम्ल जाळणारें असल्यानें हें काम घरीं करूं नये, तपासणीच्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत तो डबा स्वयंपाकघराबाहेर ठेवावा.