गळती वर्कशॉपच्या दारात

दहावीचा निकाल लागला की तंत्रनिकेतनांच्या प्रवेशफेऱ्या सुरू होतात आणि मुलींच्या प्रवेशाचे कौतुक सुरू होते. सरकारने त्यासाठी हात आखडता घेतलेला नाही, हे मान्य करायला हवे. पदविकेला मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत. आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात 2024-25 पासून पूर्ण सवलत आहे. प्रगती शिष्यवृत्तीचे वर्षाला 50,000 रुपये मिळू शकतात ते वेगळेच. मुलगी दारापर्यंत पोचते आहे. पुढे तिचे काय होते, याची विचारपूस मात्र फारशी कोणी करत नाही.

प्रथम वर्षाच्या वर्कशॉपमध्ये तासभर उभे राहून पाहावे. एका लेथभोवती पाच-सहा जणांचा गट असतो. चक आवळणार, टूल बसवणार मुलगा. वर्निअरचे रीडिंग जर्नलमध्ये उतरवणार मुलगी, कारण तिचे अक्षर चांगले! हे कोणी ठरवून केलेले नसते आणि सरांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. टर्म संपते तेव्हा जर्नल तिचे पूर्ण असते. हात त्याचा बसलेला असतो. मग व्हायवाला मशीनचे सेटिंग विचारले की ती अडखळते, आणि ‘मुलींना मेकॅनिकल झेपत नाही’ हे सरसकट मत आणखी पक्के होते. गटातली कामे दर आठवड्याला सक्तीने बदलायला एक पैसाही लागत नाही.

दुसरी अडचण ड्रॉइंगची. कागदावरच्या तीन दृश्यांतून ठोकळा डोळ्यांपुढे उभा करणे अनेकांना जमत नाही. अमेरिकेतील मिशिगन टेक विद्यापीठाच्या तत्कालीन प्राध्यापिका शेरिल सॉर्बी स्वतः विद्यार्थिनी असताना याच विषयात अडल्या होत्या. पुढे 1993च्या सुमारास त्यांनी नव्या विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन मागे पडणाऱ्यांसाठी छोटा अभ्यासवर्ग सुरू केला. मागे पडणाऱ्यांत मुलींचे प्रमाण जास्त होते. ठोकळे हातात घेऊन फिरवायचे आणि पेन्सिलने रेखाटायचे, एवढाच त्याचा गाभा. हा वर्ग केलेल्या मुली अभियांत्रिकीत अधिक टिकल्या. ज्याला आपण उपजत समज म्हणतो ती शिकवता येते. आपल्याकडे लाकडी ठोकळे मिळतील, शिकवणारेही मिळतील; प्रवेशफेऱ्या लांबल्या की प्रथम वर्षाचा वेळच आधी कापला जातो, अडचण ती आहे.

तिसरी अडचण येण्याजाण्याची. एसटीचे तिकीट मार्च 2023 पासून महिलांना अर्धे झाले. पण प्रात्यक्षिक संपेपर्यंत गावाकडची गाडी निघून गेली असेल, तर त्या अर्ध्या तिकिटाचे करायचे काय? लातूर, यवतमाळ, तासगावच्या शासकीय महिला तंत्रनिकेतनांच्या नावातच ‘निवासी’ आहे. वसतिगृहाशिवाय खेड्यातली मुलगी टिकत नाही, हे राज्याला पूर्वी कळले होते. आता इमारतीचे उद्घाटन होते आणि वसतिगृहाचा प्रस्ताव फायलीत राहतो.

शिकून या मुली जाणार कुठे, हा प्रश्नही आता जुना झाला. टाटा मोटर्सच्या पुण्यातील कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्यांची जोडणी सुमारे 1,500 महिला करतात. महिलांना रात्रपाळीची मुभा देणारी दुरुस्तीही महाराष्ट्राने 2015 मध्ये केली. कारखाने बदलले, वर्कशॉपने बदलायचे आहे.

तंत्रशिक्षण संचालनालयाने यंदापासून एक आकडा मागावा: प्रथम वर्षाला आलेल्या मुलींपैकी तृतीय वर्षाच्या परीक्षेला किती बसल्या, तेही शाखानिहाय. तो प्रत्येक संस्थेच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर छापावा. आणि पालकांनी मुलीचा प्रवेश घेताना शुल्काची चौकशी करण्याआधी प्राचार्यांना तो विचारावा.