काका, ओटीपी सांगा!

नवा आयकर कायदा आला. १९६१ चा अधिनियम जाऊन २०२५ चा आला, आणि त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. आठशेच्या वर गेलेली कलमं ५३६ वर आणली. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ हा वर्षानुवर्षांचा घोळ संपवून एकच ‘करवर्ष’ केलं. पण १ एप्रिल २०२६ च्या आधीच्या वर्षांना जुनाच कायदा लागू. म्हणजे पुढची काही वर्षं दोन्ही कायदे हाताशी ठेवूनच काम करायचं. साहजिकच आमच्या नाशकात शालिमारपासून शरणपूर रोडपर्यंत आणि तिकडे सिडकोत, एका खोलीत दोन संगणक आणि तीन माणसं घेऊन रिटर्न भरणाऱ्या छोट्या छोट्या ऑफिसांतून एकच चर्चा चालते. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? जुनंच चालू ठेवायचं की बदलायचं?

नावं पुष्कळ आहेत. जयपूरचं जीनियस आहे, बंगळूरचं सरल आहे, शिवाय कॉम्प्युटॅक्स, विनमन. हिशेबाला टॅली असतंच. कुठलं चांगलं हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी निवृत्त शिक्षिका, बी.ए. मराठी. पण माझ्या हाताखालून गेलेली दोन मुलं या धंद्यात आहेत. ‘बाई, तुम्ही जरा बसा, तिऱ्हाईत नजर बरी असते,’ असं म्हणून त्यांनी मला दोन-तीन वेळा विक्रेत्यांच्या डेमोला शेजारी बसवलं. तिथे जे ऐकलं त्यावरून माझं एक मत झालं आहे, आणि ते जरा कडकच आहे.

ही सॉफ्टवेअरं चुकीच्या परीक्षेला बसवली जाताहेत!

डेमो देणारा काय सांगतो? एका दिवसात किती रिटर्न्स निघतील. फॉर्म २६एएस आणि एआयएस एका क्लिकमध्ये कसे ओढून घेता येतात. पाचशे क्लायंटचे पासवर्ड एका यादीत कसे राहतात. आधीच्या वर्षाचा डेटा कसा आपोआप पुढे येतो. घेणारा काय विचारतो? किंमत किती, दर वर्षी पैसे भरायचे का, दुसऱ्या संगणकावर चालेल का, बंद पडलं तर फोन उचलता का. रास्त प्रश्न आहेत, मी नाही म्हणत नाही. जुलैमधली गर्दी मी पाहिली आहे, वेग लागतो. पण या सगळ्या बोलण्यात एका माणसाचं नावसुद्धा निघत नाही. ज्याचं रिटर्न आहे तो! त्याच्या हातात शेवटी काय पडतं?

मी ज्या डेमोंना बसले तिथे त्याच्या हातात पडत होती इंग्रजीतली दोन पानांची आकडेमोड. कलमांचे आकडे, त्यांचे अ-ब-क, आणि खाली एक मोठी रक्कम. बहुतेकांच्या हातात तीही पडत नाही. त्यांना येतो फोन. ‘काका, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.’ काका चष्मा शोधतात, सहा आकडे वाचून दाखवतात, आणि ‘झालं का?’ म्हणून विचारतात. झालं!

काय झालं ते मात्र काकांना कळलेलं नसतं. ते सहा आकडे म्हणजे त्यांची सही. रिटर्नच्या शेवटी सत्यापन असतं, त्याचा अर्थ असा की वरची सगळी माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. ही प्रतिज्ञा सल्लागार करत नाही, सॉफ्टवेअरवाला तर नाहीच नाही. काका करतात. उद्या माहिती चुकीची देऊन उत्पन्न कमी दाखवलं असं ठरलं, तर १९६१ च्या कायद्याच्या कलम २७०अ खाली बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. तो काकांना होतो.

शाळेत प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायला सांगत असू. सही आहे म्हणजे बापानं गणिताचे गुण पाहिले आहेत, एवढाच तिचा अर्थ. न वाचता केलेल्या सहीचा काय उपयोग? आणि वाचता येणार नाही अशा भाषेत प्रगतिपुस्तक पाठवून वर सही मागितली असती, तर पालकांनी शाळेत येऊन आम्हाला जाब विचारला असता. आयकराच्या बाबतीत आपण तेच बिनबोभाट चालवून घेतो.

कुणी म्हणेल, बाई उगाच भाषेचा मुद्दा ओढून आणताहेत. म्हणून आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेते. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातला एखादा तरुण नोकरीला आहे आणि नावावर दोन एकर द्राक्षबागही आहे. ‘शेतीला कर नाही’ हे त्याला आजोबांपासून पाठ. ते खरंही आहे, शेतीचं उत्पन्न करमुक्तच असतं. पण अर्धंच खरं. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा जमेस धरतात. शिवाय शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असलं की साधा आयटीआर-१ चालत नाही, दुसरा फॉर्म लागतो. आता सॉफ्टवेअरमध्ये शेतीच्या उत्पन्नाला एक चौकोन असतो. गर्दीच्या दिवसात ऑपरेटर फॉर्म १६ ओढून घेतो, चौकोन रिकामा राहतो, आयटीआर-१ निघतो, ओटीपी येतो. कुणाचा वाईट हेतू नाही. पण त्या मुलाच्या हातात आधी एक मराठी कागद पडला असता आणि त्यावर ‘शेतीचं उत्पन्न : शून्य’ असं छापलेलं असतं, तर तो तिथल्या तिथे म्हणाला असता, ‘अहो, शून्य कसं? बाग आहे ना!’ सॉफ्टवेअरच्या हजार तपासण्यांना जे सापडलं नाही ते त्याला एका ओळीत सापडलं असतं. आपल्या घरचा हिशेब सगळ्यांत चांगला आपल्यालाच ठाऊक असतो.

दुसरं उदाहरण जुन्या आणि नव्या पद्धतीचं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. पगारदार माणसाला दर वर्षी निवड करता येते. पण खतांचं दुकान असलेल्याला, म्हणजे धंद्याचं उत्पन्न असलेल्याला, ती मुभा नाही. नवी सोडून जुनी घेतली, की तो एकदाच परत नवीत येऊ शकतो, आणि मग धंदा चालू आहे तोवर जुनीचं दार बंद. सॉफ्टवेअर दोन्ही पद्धतींचा कर शेजारी शेजारी मांडतं आणि कमी रक्कम दाखवतं. यंदा कमी कशात, एवढंच ते सांगतं. पुढच्या वर्षी तो घरासाठी कर्ज काढणार आहे का, विम्याचे हप्ते संपताहेत का, हे फक्त त्या दुकानदाराला माहीत. मग निर्णय कुणी घ्यायचा?

आता वाईट हेतूकडे येते. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर. महाराष्ट्राचं नाव त्यात होतं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी सुधारित रिटर्न भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. खात्याच्या निवेदनातली एक गोष्ट मला सगळ्यांत झोंबली. हे मध्यस्थ घाऊक रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते काढत आणि मग ते टाकून देत. नोटिसा त्या पत्त्यांवर जात, आणि कुणी वाचत नसे.

हे आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांच्या बाबतीत झालं. कारखान्यातून निवृत्त झालेले. कुण्या एजंटनं भरघोस रिफंड काढून दिला, हे खूश. पुढे कळलं की त्यांच्या नावानं एका राजकीय पक्षाला देणगी दाखवली होती. या माणसानं आयुष्यात वर्गणी दिली ती फक्त गणपतीला! पोर्टलवर ई-मेल एजंटचा, मोबाईल एजंटच्या माणसाचा, त्यामुळे नोटीस आली हेही यांना माहीत नाही. रिटर्नचा गोषवारा एकदा मराठीत समोर आला असता, तर ‘देणगी’ हा शब्द वाचायला त्यांना सी.ए.ची गरज नव्हती.

विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं आहे. ‘मॅडम, मराठीला मागणी नाही.’ मागणी कुणी करायची? ज्याला वाचता येत नाही तो विक्रेत्याला कधी भेटतच नाही. भेटतो सल्लागार, आणि त्याला इंग्रजी येतं. म्हणून मागणी त्यानंच करायला हवी. संगणकाला मराठी जमत नाही हे तर आता कुणी सांगूच नये. डिजिटल सहीचा सातबारा आपल्याला मराठीत घरबसल्या मिळतो. टॅलीनं ‘टॅली ९’ पासून भारतीय भाषा आणल्या, त्यांत मराठी आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. त्यात संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागतो. संमती समजून द्यावी, हे तत्त्व कायद्यानं मानलं. मग ओटीपी ही संमती नाही तर काय आहे?

‘लोकांनाच नको असतं, ते म्हणतात तुम्हीच बघा,’ हे दुसरं उत्तर. चाळीस वर्षांत हे मी पालकांच्या तोंडून कितीदा ऐकलं! ‘बाई, तुम्हीच बघा, आम्हाला काय कळतंय.’ समोर समजेल असा कागद ठेवला की तोच माणूस बोट ठेवून प्रश्न विचारतो. ‘नको’ म्हणणं पुष्कळदा लाजेपोटी असतं.

आणि तिसरं उत्तर, कायद्याची भाषा इंग्रजी आहे. असू द्या. सरकारकडे जायचं ते सरकारला हवं त्या भाषेत जाऊ द्या. मी मागते आहे तो एक कागद, भरण्याआधी गिऱ्हाइकाला द्यायचा. त्यावर दहा-बारा ओळी. पगार किंवा निवृत्तिवेतन इतकं, व्याज इतकं, शेतीचं इतकं, या या वजावटी मागितल्या, पद्धत जुनी की नवी, कर इतका, परतावा इतका, पोर्टलवर नोंदवलेला मोबाईल आणि ई-मेल हा. बस्स.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. वेगाची आणि किमतीची चौकशी करा, पण तीन प्रश्न त्याच्या आधी विचारा. पहिला, रिटर्न पाठवण्याआधी असा मराठी गोषवारा छापून मिळेल का? नसेल तर निदान सगळे आकडे एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का, म्हणजे तो कागद ऑफिसातच तयार करता येईल. (जे सॉफ्टवेअर माहिती आत घेतं आणि बाहेर देत नाही, ते उद्या सोडताही येत नाही, हेही ध्यानात ठेवा.) दुसरा, क्लायंटच्या जागी ऑफिसचाच ई-मेल आणि मोबाईल पन्नास जणांना लावला, तर ते सॉफ्टवेअर अडवतं का, निदान इशारा देतं का? तिसरा, पासवर्डांची यादी न ठेवता काम चालतं का? क्लायंटच्या संमतीनं, ओटीपी घेऊन, त्याला आपल्या खात्याशी जोडून घेण्याची रीतसर सोय ई-रिटर्न मध्यस्थांना पोर्टलवर आहे. ती वापरणारं सॉफ्टवेअर चार पैसे महाग असलं तरी घ्या.

एकट्या ऑफिसला विक्रेता दाद देणार नाही हे मला कळतं. पण नाशकातल्या वीस ऑफिसांनी एकाच महिन्यात हेच विचारलं तर? कुसुमाग्रजांच्या या गावात २७ फेब्रुवारीला आपण मराठीच्या नावानं हार घालतो, ग्रंथदिंडी काढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढेही वाटले. आणि जुलैमध्ये त्याच गावातला माणूस आपल्या वर्षभराच्या कमाईचा हिशेब न वाचता सहा आकडे फोनवर सांगतो. भाषेचा अभिमान मिरवायला व्यासपीठ लागतं. तिचा उपयोग करायला दहा ओळींचा कागद पुरतो, आणि तो देणं नाशकातल्या प्रत्येक छोट्या ऑफिसच्या हातात आहे.

आणि काका-काकूंनो, ज्यांना हे फोन येतात त्या आपल्या वयाच्या सगळ्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी ओटीपी मागितला की सांगा, ‘देतो ना. आधी कागद दाखव.’