सुलोचनाबाईंनी मागितलेली जागा

महिलांसाठी वॉर्ड राखीव झाला की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न निघतो, "कोणाची बाई उभी करायची?" शेगाव असो, खामगाव असो की नांदुरा, प्रश्न बदलत नाही. आधी नवऱ्याचे किंवा दिराचे नाव ठरते, बाईचे नाव मागाहून येते. फलकावरसुद्धा त्याचाच फोटो मोठा!

अशा वेळी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे आठवतात. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जन्मही त्याच दिवसांतला, त्याच शहरातला. वीस-पंचवीस हजार महिला जमल्या, बाबासाहेब स्वतः आले. अध्यक्षस्थानी आपल्या वऱ्हाडची ही लेक होती. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला, गिरणीतील कामगार स्त्रियांसाठी रजा व पेन्शन मागितले. आणि सर्व कायदेमंडळांत व लोकप्रतिनिधी संस्थांत दलित स्त्रीसाठी राखीव जागा मागितल्या.

ही मागणी कशातून आली? तेव्हा शेगाव-अमरावती मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. ११२ जागांच्या तिथल्या विधानसभेत पुणे करारामुळे अस्पृश्यांना २० जागा होत्या, महिलांना ३. दलित स्त्रीसाठी म्हणून एकही नाही! सवर्ण भगिनींकडून अपेक्षा ठेवावी, तर १९३७ च्या डिसेंबरात नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषदेत जाईबाई चौधरींना जेवणाच्या पंगतीत वेगळे बसवले गेले होते. म्हणून आमच्या आयाबहिणींनी आपला वेगळा मंच उभा केला.

नाशिकच्या शांताबाई दाणी फेडरेशनच्या सत्याग्रहात १९४६ साली येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. विधान परिषदेत त्या पोहोचल्या १९६८ साली. तुरुंग आणि सभागृह यांच्यामध्ये २२ वर्षे!

राज्यघटनेच्या १०६ व्या दुरुस्तीने २०२३ साली लोकसभा व विधानसभेत अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकी एक तृतीयांश जागा त्या समाजाच्या स्त्रियांना देण्याचे ठरले. सुलोचनाबाईंच्या परिषदेनंतर ८१ वर्षांनी! तेही जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेनंतर, अशी अट घालून.

येत्या २० जुलैला विहाराविहारांत १९४२ चे ते ठराव वाचले जावेत. ज्या बाईला निवडणूक लढवायची आहे तिला पुढे बसवावे. नवऱ्याने चहापाण्याचे पाहावे.