पंचांचा च

भेंड्यांचा पंच गाणारा नसतो, हे मला मान्य आहे. गाता आलं असतं तर तो पंच कशाला झाला असता! पण त्याला ऐकूही येऊ नये? गाण्याच्या खेळात न ऐकणारा पंच म्हणजे कुस्तीच्या फडात डोळे मिटून बसलेला वस्ताद.

गेल्या कोजागिरीला परभणीतल्या एका गच्चीवर आमचं गाणं 'आज' या शब्दावर संपलं. आता 'आज'मधला ज कोणता? जात्यातला, जुन्यातला, जोड्यातला. जिभेचं टोक दातांमागे टेकवून काढायचा. आणि समोरच्यांनी सुरू काय केलं, तर 'जय जय महाराष्ट्र माझा'! हा ज जगातला, जिवातला, जन्मातला. जीभ टाळूला लावून काढायचा. मी हरकत घेणार तोच सगळी गच्ची उठून उभी राहिली. २०२३ साली ते राज्यगीत झालंय ना! राज्यगीताला हरकत उभं राहून घ्यावी की बसून, याचा विचार करेपर्यंत कडवं संपलं आणि पंचांनी निकाल दिला, "ज म्हणजे ज. पाटीवर लिहून पाहा."

वाचकहो, पाटीवर लिहायचं असतं तर आम्ही शुद्धलेखनाला बसलो असतो. मसाला दूध थंड करून भेंड्या कशाला खेळलो असतो?

मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. चार माणसं वेगळी आणि बैलापुढचा चारा वेगळा. आकाशातल्या चंद्राचा च टाळूवर, पण त्याच चंद्राचं चांदणं गच्चीवर उतरलं की च दातांवर. ढोबळ हिशेब असा की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला ताठा सोडत नाहीत. इथल्या मातीत मुरलेले शब्द मात्र पुढं अ, आ, उ, ओ आले की दातांकडं सरकतात आणि इ, ए आले की टाळूकडं परत जातात. (हा नियम 'चार'ला कुणी कळवलेला दिसत नाही.) फार कशाला, 'पंचांचा' हाच शब्द घ्या. पहिला च चंद्राचा, दुसरा चांदण्याचा. स्वतःच्या हुद्द्याला षष्ठीचा प्रत्यय लावताना जो माणूस दोन वेगळे च बिनचूक उच्चारतो, तोच खुर्चीत बसला की म्हणतो, दोन्ही एकच!

अक्षरवाल्यांच्या बाजूनं आमच्याकडं एक वजनदार मुद्दा मांडला जातो. परभणी सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, सरकारी भाषा उर्दू. तेव्हा ते उर्दूतल्या बैतबाजीचा दाखला देतात. शेराच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शेर, आणि तिथं अक्षर म्हणजे अक्षर. 'ज़' असा एकच उच्चार, पण त्याला ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय अशी चार अक्षरं. चुकीचं उचललं की गेलात! मला हे सगळं मान्य आहे. पण बैतबाजी हा दिवाण वाचणाऱ्यांचा खेळ, आणि दिवाणातल्या गझलाही शेवटच्या अक्षराच्या क्रमानं लावलेल्या असतात. भेंड्या तोंडाच्या. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. तिच्यानंतर किती पिढ्यांच्या बायका जात्यावर गायल्या! त्यांतल्या बहुतेकींना ज काढता येत नव्हता, पण पुढ्यातलं 'जातं' आणि कपाळावरची 'जात' यांच्या ज-मध्ये त्यांनी कधी घोटाळा केला नाही.

माझा संशय नावावर आहे. खेळाला भेंड्या म्हणत होते तोवर त्यात अक्षर कुठंच नव्हतं. १९९३ साली टीव्हीवर 'अंताक्षरी' सुरू झाली, मग गच्चीगच्चीवर अंताक्षरी आली, आणि नावातूनच अक्षर घरात घुसलं.

"मग ण आला तर न कसा चालतो? ळ आला तर ल कसा चालतो?" असं विचारून पंच माझ्याकडं विजयी मुद्रेनं पाहतात. अहो, ण-ळ नं मराठी शब्द सुरूच होत नाही. ती सवलत नव्हे, दया आहे. शिवाय 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्यांनी न आणि ण यांची सोयरीक आमच्याच गावात लावली. ती मोडा असं मी म्हणत नाही. पण ज-ला दोन्ही उच्चार धडधाकट असताना दया कसली?

आणि हे भांडण नुसतं एका भेंडीचं नाही. इंग्रजी शाळेतली पोरं हल्ली 'जुना जोडा' अशा ज-नं म्हणतात की ऐकून माझा जीव जातो. त्यांना पुस्तकातून हा फरक कळणार नाही, कारण लिहिताना तो दिसतच नाही. घरात रोज टोकलं तर ती बोलायचंच सोडतील. भेंडी चढेल या भीतीनं मात्र पोरगं आपली जीभ कुठं लागते ते झक मारत तपासतं. तेवढी एकच शाळा उरलीय, आणि तिचा मास्तर बहिरा!

पुतणीची मुलगी पुण्याला शिकते. तिनं मला जपानी गाण्यांची यादी पाठवली: सगळी 'रो' वरून सुरू होणारी. गाणारी माणसं नाहीत, यंत्रं. यामाहाचं व्होकॅलॉइड तंत्र, आणि त्यातली हात्सुने मिकू ही गायिका २००७ साली बाजारात आली. तिला गाणं शिकवायचं म्हणजे एकेक उच्चार भरून द्यावा लागतो. यादीत २०१० चं 'रोरिन गारु' होतं आणि २०१३ चं 'रोसुतो वान नो गोउकोकु'. पहिल्यातला शब्द इंग्रजी 'रोलिंग', दुसऱ्यातला 'लॉस्ट'. इंग्रजीत एक र-चा, एक ल-चा. पण जपानी तोंडात र-ल असा भेद नाही, म्हणून दोघं एकाच 'रो'त नांदतात. ही यादी मला पटली. जसं तोंड, तशी भेंडी. यंत्राला कळतं ते पंचांना कळू नये?

उलट टपाली मी तिला दोनच गाणी सुचवली: आशाबाईंचं 'जिवलगा' आणि किशोरीताईंचं 'जाईन विचारीत'. दोन्हीची कवयित्री शांता शेळके, दोन्हीचे संगीतकार हृदयनाथ. म्हटलं, एकापाठोपाठ ऐक, आणि नुसता पहिला ज कसा आहे ते कळव.

पाच मिनिटांत उत्तर आलं, "आजोबा, दुसऱ्यात दात लागतात."

हे उत्तर मी पंचांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, "बघा, तिनंसुद्धा एकच ज लिहिलाय."