पाचपैकी पाच!

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलवर फर्मान आलं, "कमिटी येणार आहे, खोल्या आवरा!" दोन दिवसांत जिन्याला रंग लागला, बंद पडलेला वॉटर कूलर सुरू झाला आणि मेसच्या वरणात चक्क डाळ दिसली. आम्ही म्हटलं, ही कमिटी दर महिन्याला का येत नाही?

विनोद सोडा, पण मित्रांनो, ही कमिटी येते कशासाठी हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? खरं सांगते, मलाही नव्हतं.

एन.बी.ए. म्हणजे राष्ट्रीय प्रत्यायन बोर्ड. १९९४ साली एआयसीटीईने ते सुरू केलं आणि २०१० पासून ते स्वायत्त आहे. नॅकसुद्धा १९९४ चंच. फरक एवढा, की नॅक अख्खं कॉलेज तपासतं आणि एन.बी.ए. एकेक ब्रँच. एन.बी.ए.साठी कॉलेजने स्वतःहून अर्ज करायचा असतो आणि आधी आपणच आपली तपासणी करून अहवाल लिहायचा असतो. २०१४ साली भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला. त्या पद्धतीत इमारत केवढी यापेक्षा विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं, हे महत्त्वाचं. संलग्न कॉलेजांसाठीच्या २०१५ च्या नमुन्यात १००० पैकी ५० गुण 'सतत सुधारणा' यासाठी होते. म्हणजे मागच्या वेळी कुठे कमी पडलो, त्यावर काय केलं आणि त्याने फरक पडला का? माझ्या मते हे ५० गुण बाकीच्या ९५० ला भारी आहेत.

पण हे कळणार कसं? निकालावरून, आणि आपण भरतो त्या फीडबॅक फॉर्मवरून. इथेच आपला पराक्रम सुरू होतो!

फर्स्ट इयरला मी मेकॅनिक्सच्या फॉर्मवर सगळीकडे पाचपैकी पाच दिले, दोन मिनिटांत. मी कॉन्व्हेंटची, इंग्रजी लेक्चर मला अडत नव्हतं. शेजारी माझी रूममेट. ती साक्री तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिनेही माझं बघून पाच-पाच टाकले. निकाल लागला आणि तिला मेकॅनिक्सची केटी! तिला फ्री बॉडी डायग्राम काढता येत होती. पण गणितात नेमकं विचारलंय काय, हेच तिला कळत नव्हतं. आणि आमच्या फॉर्मप्रमाणे मात्र सगळ्यांना सगळं समजलं होतं.

त्या रात्री ती रडली, आणि मग म्हणाली, "आमचे बाबा माती तपासायला देतात ना, तेव्हा वावरातली चार-पाच ठिकाणची घेतात. खताच्या ढिगाजवळची घेत नाहीत. तिथली घेतली तर रिपोर्ट झकास येतो, पण कपाशी काही रिपोर्टवर येत नाही. आपण फॉर्म भरला तो ढिगाजवळच्या मातीचा."

मला खरंच लाज वाटली.

पुढच्या सेमिस्टरला आम्ही सात-आठ जणींनी फॉर्मवर सरळ लिहिलं, की सर, शिकवलेलं कळतं पण प्रश्नाची भाषा कळत नाही. सर रागावतील अशी भीती होती. ते रागावले नाहीत. आठवड्यातून एक तास त्यांनी फक्त प्रश्न वाचायला ठेवला. काय दिलंय, काय काढायचंय, ते आधी मराठीत सांगायचं, मग सोडवायचं. चमत्कार वगैरे झाला नाही, पण माझ्या रूममेटची केटी सुटली.

काही जण म्हणतात, हे सगळं कागदी घोडे नाचवणं आहे. त्यांचं अगदीच चूक नाही. फायली भरता भरता स्टाफच्या संध्याकाळी जातात, हे आपण बघतोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चांगल्या ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या एका पाहणी समितीच्या सदस्यांना अटक केली. नॅकही आधी ऐच्छिकच होतं, यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी ते सक्तीचं झालं. सक्ती आली की सगळ्यांचं लक्ष ग्रेडवर जातं. म्हणूनच स्वतःहून तपासून घेण्याची किंमत मला जास्त वाटते. आरशासमोर कुणी ढकलून उभं केलं, तरी डोळे उघडायचे की नाही, हे शेवटी आपल्याच हातात असतं.

स्टाफला नम्र विनंती आहे की फॉर्मवर रोल नंबर मागू नका. आणि मागच्या फॉर्मवरून काय बदललं, ते नोटीस बोर्डावर लावा. दोनच ओळी पुरेत. आपण लिहिलेलं कुणी वाचतं हे दिसलं, की पोरं खरं लिहितात.

आणि दोस्तांनो, "कशाला सरांशी पंगा?" म्हणून पाचपैकी पाच टाकू नका. नुकसान आपल्या शेजारी गप्प बसलेल्याचं होतं. कमिटी दोन-तीन दिवस राहते, आपल्याला इथे चार वर्षं काढायची आहेत.

पुढचे फॉर्म लवकरच येतील. बघा विचार करून! आणि हो, तो वॉटर कूलर परत बंद पडलाय. तेही लिहा.