शिट्टी देऊन बाजूला बसवू नका



नागापूर परिसरातल्या आमच्या युवक शिबिरांत दरवेळी तेच खेळ: रस्सीखेच, संगीत खुर्ची, पोत्यांची शर्यत. कुबडी घेऊन आलेल्या पोराच्या हातात शिट्टी द्यायची, 'तू पंच हो' म्हणायचं. एमआयडीसीत प्रेसवर बोटं गमावलेल्या भावाला गुण लिहायला बसवायचं. (वर समारोपात दोघांचा सत्कार!) हे आम्हीच केलंय. वेशीबाहेर बसवणं म्हणजे काय, हे आम्हाला दुसऱ्यानं शिकवायचं का?

'खेळच तसा असतो' ही सबब आम्हाला मान्य नाही. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे घालून तो वाजता केला, जमिनीलगत टाकायचा ठरवला. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध लागतात आणि त्यांच्या धावा दुप्पट धरतात. नियम माणसांनीच केले, माणसांनीच बदलले. प्रतिनिधित्वासाठी भांडणाऱ्यांना हे कळायला जड का जावं?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. पण १९२३ च्या बोले ठरावानं चवदार तळंही कागदावर खुलं होतंच. पाणी प्यायला १९२७ साली महाडला जावं लागलं.

पुढच्या शिबिराचे खेळ ठरवायच्या बैठकीला त्या दोघांना आधी बोलवा. रस्सीखेच राहते की जाते, ते तिथं ठरू द्या.