‘नाही’ लिहिण्याआधी

मोठा गृहप्रकल्प उभारायचा तर पर्यावरण मंजुरी लागते. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेला त्यासाठी ‘फॉर्म 1-अ’ जोडलेला आहे. त्यात एक प्रश्न आहे: जवळपास पुरातत्त्वीय स्थळे किंवा अवशेष आहेत का? हा प्रश्न ‘जमीन’ या विभागात नाही. तो ‘सौंदर्य’ या मथळ्याखाली आहे. उत्तर कोण देणार? ज्याला बांधायचे आहे तोच. ‘नाही’ लिहिण्याआधी कुणा जाणकाराने ती जमीन पायी फिरून पाहावी, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

जुन्या दगडखाणीच्या जमिनीवर हे ‘नाही’ आणखी सहज लिहिले जाते. सगळे खणून झाले, आता उरले काय, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. खाण सगळी जमीन खात नाही. दोन खड्ड्यांमधला पट्टा, हद्दीलगतची जागा, वरची माती लोटून केलेले ढीग हे सारे मागे राहते. शिवाय खाणीच्या उभ्या कडेत थर उघडे पडतात. एरवी जे पाहायला चर खणावा लागतो, ते तिथे आयते दिसते. खाण बंद पडल्यापासून खड्ड्यात भराव टाकून प्लॉट पाडेपर्यंत जेवढा काळ मिळतो, तेवढीच संधी. त्यानंतर स्लॅब पडतो.

नाशिक जिल्ह्याला हे सांगावे लागू नये. गंगापूरजवळ गोदावरीच्या काठी, गोटे आणि वाळू घट्ट चिकटून झालेल्या थरांत, ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या. डेक्कन कॉलेजने 1952 मध्ये त्यावर ग्रंथ काढला. हातकुऱ्हाड म्हणजे हातात धरता येईल असा दगड, दोन्ही बाजूंनी टवके काढून धार आणलेला. ओळखणारी नजर नसेल तर तो डबरच वाटतो आणि क्रशरमध्ये जातो. आज शहर त्याच गंगापूर रस्त्याने पश्चिमेकडे सरकते आहे.

नाशिकच्याच पांडवलेण्यांचे उदाहरण तर ताजे आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी 1823 मध्ये नोंदवलेली ही लेणी. संरक्षित, रोज माणसांचा राबता असलेली. तरी 2021 मध्ये त्याच त्रिरश्मी डोंगरावर साफसफाई करताना आणखी लेणी उजेडात आली. जिथे दोनशे वर्षे अभ्यासक जात आहेत तिथे ही स्थिती, तर ज्या जमिनीकडे केवळ खडी आणि मुरूम म्हणून पाहिले गेले तिथे न बघताच ‘नाही’ कसे लिहिता येते?

नाशिक जिल्ह्यातल्याच हरसूलसारख्या गावात तर हा प्रश्नही विचारला जात नाही. फॉर्म लागू होतो 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे. इथे घरे गुंठ्यागुंठ्याने उठतात. स्मारकांचा केंद्रीय कायदा 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी घालतो आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगी घ्यायला लावतो, पण ते आधीच संरक्षित ठरलेल्या वास्तूभोवती. जे अजून सापडलेलेच नाही, त्याला हे संरक्षण मिळत नाही. शिवारात कुठे वाघदेवाचा कोरीव दगड आहे, कुठे जुने वीर (मृतांच्या स्मरणार्थ रोवलेले दगड) आहेत, हे गावातले म्हातारे जाऊन दाखवतील. त्यांना विचारण्याची सक्ती कुणावर नाही.

इंग्लंडने 1990 मध्येच धोरण ठरवले: बांधकाम परवानगीचा निर्णय होण्याआधी जमिनीची पुरातत्त्वीय तपासणी, आणि खर्च विकासकाचा. आपल्याकडे निदान बंद खाणींपासून सुरुवात व्हावी. अशी जमीन बिनशेती करताना महसूल खात्याने एक अट घालावी: प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञाची जागेवर पाहणी, खाणीच्या कडांची छायाचित्रे, गावकऱ्यांकडून घेतलेली माहिती आणि सहीनिशी अहवाल. हे सारे भराव पडण्याआधी झाले पाहिजे. आणि फॉर्ममधला तो प्रश्न ‘सौंदर्य’मधून काढून ‘जमीन’ विभागात आणावा.